एफकाकांच्या समुद्रावर

वोल्फ्सबुर्ग,
१४ ऑगस्ट २०१६, रविवार

तीर्थरूप राजानंदमामांना,
यशपालचा आणि क्रांतीचा सविनय जयभीम.

आम्ही दोघं बरे आहोत (माझ्या पाठीची सालं निघताहेत, पण ते पुढे येईलच). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? कमलामामींची साखर खाली आली का? त्यांनी पाठवलेलं मेतकूट संपलं, हे त्यांना आत्ता सांगू नका. सध्या त्या माझ्यावर रागावल्या आहेत, आणि त्या रागाबद्दलच हे पत्र आहे.

मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं, ते खोटं होतं. मी सोफ्यावर पालथा पडलो होतो. पण मामा, तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि त्याच्या टप्प्यात मामी, शेजारच्या शुभदाकाकू आणि दारात आलेला भाजीवाला असे सगळेच येतात. म्हणून इतक्या वर्षांनी पत्र लिहितोय. क्रांतीने परिवाराच्या ग्रुपवर समुद्राचा जो फोटो टाकला, त्यात डाव्या कोपऱ्यात एक गृहस्थ आहेत. मामींनी तो फोटो मोठा करून पाहिला (ज्यांना चष्म्याशिवाय तांदळातला खडा दिसत नाही, त्यांना हे दिसलं). त्या दिवसापासून ग्रुपवर कुणी 'सुप्रभात'सुद्धा टाकलेलं नाही. तर मामा, त्या गृहस्थांच्या अंगावर कपडे नाहीत हे खरं आहे. त्यांचं नाव हेर (म्हणजे श्रीयुत) लोरेन्झ. वय एकोणऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर, अतिशय सज्जन माणूस. आता पहिल्यापासून सांगतो.

या देशात आम्हाला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत आम्ही सुट्टी म्हणून जे काही घेतलं ते अमरावतीतली लग्नं, नागपुरातली बारशी आणि एकदा माझ्या अपेंडिक्सचं ऑपरेशन. या वर्षी कंपनीतून मेल आला की उरलेली रजा घ्या, नाहीतर बुडेल. मी म्हटलं, घरी झोपू. क्रांती म्हणाली, समुद्र. (ती इथे लहान मुलांच्या किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, काम करते. दिवसभर तीस पोरांवर जर्मनमध्ये ओरडल्यामुळे तिचं जर्मन माझ्यापेक्षा फार पुढे गेलंय. माझं अजून 'जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, बरोबर', म्हणून मान हलवण्यापर्यंतच आहे.) बुकिंग तिनेच केलं. तिने मला विचारलं, "बाल्टिकच्या काठावर एक छान जागा आहे, शांत, निसर्गाजवळ, एफकाका आहे, चालेल ना?" मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता 'गेनाऊ' म्हणालो. आमच्या कंपनीत दर दोन शब्दांमागे एक संक्षिप्त रूप असतं, कुणाकुणाचा अर्थ विचारणार? शिवाय काका म्हटल्यावर मला ते घरगुती वाटलं.

प्रेशर कुकर, पाच किलो तांदूळ आणि मसाल्याचा डबा घेऊन आम्ही निघालो. चार तासांच्या रस्त्याला सात तास लागले, कारण त्या शनिवारी सबंध जर्मनी समुद्राकडे निघाली होती. पोहोचलो तेव्हा पाऊस होता आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, वा, खरंच शांत आहे.

सकाळी एकटाच फिरायला गेलो. समोरून हेर लोरेन्झ आले. डोक्यावर गवती टोपी, पायात चपला, हातात पावाची पिशवी. बस्स. मामा, तुमच्या भाच्यावर चांगले संस्कार आहेत. मला वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याचे कपडे कुणीतरी पळवले. मी धावत गेलो, अंगातलं जाकीट काढलं आणि त्यांच्या खांद्यावर घालू लागलो. ते दोन पावलं मागे सरले, माझ्याकडे फार कनवाळूपणे पाहिलं आणि म्हणाले, "नाइन, डांके. मला थंडी वाजत नाहीये. तुम्हाला वाजतेय का?" तेवढ्यात त्यांच्या मागून त्यांच्या सौभाग्यवती आल्या. मी जाकीट स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि पळालो.

खोलीत येऊन क्रांतीला म्हटलं, सामान भर. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "मला माहीत आहे. एफकाका म्हणजे फ्रायक्योर्परकुल्टूर. मोकळ्या शरीराची संस्कृती." (संस्कृती! मामा, तुम्ही या शब्दावर तासभर बोलता. हा तास तुमच्याकडून राहिलाच.) मी विचारलं, "माहीत होतं आणि तरी बुक केलंस?" तिने शांतपणे सांगितलं की इथे कपडे काढायची सक्ती नाही, ज्याची त्याची मर्जी, ती स्वतः पोहण्याचा पूर्ण पोशाख घालणार आहे आणि मी हवं तर रेनकोट घालून बसावं. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "यशपाल, तुमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की मामा चवदार तळ्यापासून सुरुवात करतात. आपल्या लोकांनी पाण्याचा हक्क मिळवला रे, पण आपल्या दोघांच्या घरात पोहायला अजून कुणाला येत नाही. मी दोन वर्षं शिकतेय. तू एकदाही बघायला आला नाहीस."

हे खरं होतं. दर गुरुवारी ती 'क्लासला' जायची, मी समजत होतो जर्मनच्या. मी सामान भरलं नाही.

पुढचे तीन दिवस किती दमवणारे होते, काय सांगू. जिथे कुणाच्याच अंगावर काही नाही, तिथे पूर्ण कपड्यातला माणूसच वाईट दिसतो. मी फुलपँट, शर्ट आणि काळा गॉगल लावून बसायचो, तर लोक आपापली मुलं जवळ ओढून घ्यायचे. एका बाईंनी येऊन विचारलं की आपण पालिकेकडून आला आहात का. नजर कुठे ठेवायची हा दुसरा प्रश्न. मी दिवसभर क्षितिजाकडे बघत बसायचो, त्याने मान धरली. गॉगल काढावा तर डोळे दिसतात, ठेवावा तर संशय येतो. शेवटी चौथ्या दिवशी हेर लोरेन्झच समजावायला आले. "हे बघा, निदान शर्ट काढा, लोक घाबरतात," म्हणाले. मी शर्ट काढला, पँट काढली, आणि कमरेला मोठा टॉवेल चार वेढे मारून बसलो. तडजोड, मामा. सोलापुरी टॉवेल, मामींनीच दिलेला. (पाठ भाजली ती इथे.)

त्याच दुपारी क्रांती पाण्यात गेली. रोज ती कमरेइतक्या पाण्यात पोहायची, त्या दिवशी थेट आत गेली. आधी हात दिसत होते, मग फक्त डोकं, मग लाल बोयाच्या पलीकडे एक काळा ठिपका, आणि मग तोही दिसेना. मी उठून उभा राहिलो. हाक मारली. लाटेपुढे हाक कुठली पोहोचायला! दोन वर्षांत मी तिला एकदाही पोहताना पाहिलं नव्हतं, तिला किती येतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला स्वतःला तर बादलीतसुद्धा भीती वाटते. मी धावलो. टॉवेल कुठे राहिला ते मला कळलं नाही (इतरांना कळलं). गुडघाभर पाण्यात गेलो, लाटेने पाय काढून घेतले, तोंडावर आपटलो. जीवरक्षकाने शिट्टी फुंकली, ती क्रांतीसाठी नव्हती. मी उठतोय, पडतोय, खारट पाणी पितोय, आणि एक हात समोर आला. मी तो धरून उभा राहिलो.

"गुटन टाग, हेर वानखेडे," हाताची मालकीण म्हणाली.

त्या फ्राऊ ब्रिंकमान होत्या. आमच्याकडे परदेशी लोकांचं जे कार्यालय आहे, तिथे माझ्या कायमच्या वास्तव्याच्या अर्जाची फाईल ज्यांच्या टेबलावर आहे, त्याच. एरवी त्या मला टेबलापलीकडून कागद मागतात: हा दाखला, तो दाखला, त्याची प्रत. आज समोर त्या होत्या आणि मी होतो, आणि दोघांकडेही कागदाचं चिठोरंसुद्धा नव्हतं. मी हात सोडायचा विसरलो. सोडला असता तर तो कुठे ठेवायचा हाही प्रश्न होताच. मी अडखळत म्हणालो, "माझी बायको... तिकडे..." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ती परत येतेय. फार छान पोहते."

आणि खरंच, क्रांती येत होती. सावकाश, एका लयीत, आपल्या घरातल्या कुणालाच कधी जमलं नाही असं. पाण्यातून उभी राहिली, आधी मला पाहिलं, मग फ्राऊ ब्रिंकमानना, मग पुन्हा मला, आणि इतकी हसली की पुन्हा पाण्यात बसली. मी रडत होतो. समुद्राचं पाणी तोंडावर असल्यामुळे ते खपून गेलं.

संध्याकाळी वाळूत बसलो असताना ती म्हणाली, "वोल्फ्सबुर्गच्या बसमध्ये सगळे माझ्याकडे बघतात. रंगाकडे, कुंकू आहे का नाही याकडे, डब्याकडे. इथे चार दिवसांत कुणीही बघितलं नाही. इतकं हलकं वाटतंय." त्याआधी फ्राऊ ब्रिंकमान आमच्याकडे येऊन क्रांतीने केलेलं थालीपीठ घेऊन गेल्या होत्या. त्या जाताना मी घाबरत घाबरत फाईलचं विचारलंच, तर म्हणाल्या, सुट्टीत मी फाईलबद्दल बोलत नाही, पण एक कागद कमी आहे.

तर मामा, घडलं ते हे. मामींना हवं तेवढंच सांगा. अब्रू गेली म्हणत असतील तर ती गुडघाभर पाण्यात गेली, फार खोल नाही. मी फार थकलोय. सुट्टीवरून आल्यावर माणूस ताजातवाना होतो म्हणतात. मला उठून बसायला आठ दिवस लागले.

तुमच्या गुडघ्याला जपा. दोघांना पुन्हा जयभीम.

आपला आज्ञाधारक भाचा,
यशपाल

ता. क. : खरं म्हणजे पत्राला कारण वेगळं आहे. पुढच्या जुलैत आई तीन महिन्यांसाठी इकडे येतेय. तिला ऑगस्टपर्यंत थोपवता येईल का? थोरला भाऊ म्हणून ती तुमचंच ऐकते. मोतीबिंदूचं काही काढा, किंवा जुलैत इकडे थंडी असते म्हणा. जुलैचे पहिले दोन आठवडे आम्ही त्याच जागी खोली घेतली आहे.

ता. क. २ : क्रांतीने पत्र वाचलं. ती म्हणते, निदान मामांशी तरी खरं बोल. खोली मी घेतली. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिला न विचारता. तिला पुढच्या वर्षी डोंगरात जायचं होतं.

ता. क. ३ : वरचं काही करू नका. पाकीट चिकटवण्याआधीच क्रांतीने आईला फोन करून सगळं सांगून टाकलं, टॉवेलसकट. मी शेजारी डोळे मिटून बसलो होतो. आईने एवढंच विचारलं, की पाणी फार गार असतं का. मी म्हटलं, सकाळी असतं.

म्हणाली, "मग आपण दुपारी जाऊ."