घोडा धड्यात, माणूस परीक्षेत

७ मार्च ९३, रवि., जळगाव
कॉमर्सवाल्यांचा कॉम्प्युटर फक्त रविवारी मिळतो. जाळ्याची आज परीक्षा घेतली. (उदाहरणं दाखवून शिकवायचा प्रोग्रॅम. पुण्याचे सर त्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात. मी आपलं जाळं.) प्रथिनाची अक्षरं दाखवायची, एकेका अमिनो आम्लाचं एक, साखळीला पीळ कुठे पडतो ते त्यानं ओळखायचं. पाचातली चार बरोबर! ओरडावंसं वाटलं. पण ऐकायला शिपाई नाना तेवढे.
"व्हयी गयं का मॅडम? कुलूप लावू?"

१५ मार्च
सरांचं पत्र. मी प्रथिनांच्या यादीसकट पाठवलेल्या निकालावर बेहद्द खूश. जूनपासून दोन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत जागा. एप्रिलमध्ये निवड समितीपुढे हाच निकाल मांडायचा. चारदा वाचलं. तिथे जेवतानाही कुणाशी प्रथिनांवर बोलता येईल. इथे स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की सगळ्यांचे तास सुरू होतात.

२१ मार्च, पारोळा
आबांना भीतभीत सांगितलं. वडीलच ते, एकटी मुलगी म्हणून अडवतील वाटलं होतं.
"तठे बोलाले मानसं भेटतीन तुले. आठे कोन शे?"
न्हाणीत जाऊन रडले.

२६ मार्च
पेपरला सुपरव्हिजन. पोरं गालात हसत लिहितायत. गाईडातलीच गणितं, नुसते आकडे बदललेले. परीक्षा कसली ही, म्हणाले मनात, आणि आपलं जाळं आठवलं. घोड्याचं हिमोग्लोबिन शिकवताना दाखवलंय, माणसाचं परीक्षेत. थोडीच अक्षरं वेगळी. अशा किती जोड्या! सगळ्या मीच झेरॉक्सवरून टाइप केलेल्या. जाळं शिकलं कुठे, पाठांतर केलं त्यानं.

२८ मार्च, रवि.
जोड्या काढून पुन्हा चालवलं. निम्म्याच्या जरा वर. परत चालवलं. तेच.
नानांना म्हटलं, चुकलं माझं.
"व्हस आसं, मॅडम. चहा लई येऊ?"
बरं वाटलं, पण काय चुकलं ते कुणाला सांगू? सरांनाच सगळं लिहिलं. जागा जाईल. पाकीट पेटीत टाकलं.

८ एप्रिल
सरांचं उत्तर. तीन ओळी. "चूक मलाही दिसली होती. समितीत कुणाच्या लक्षात येणार नाही. आधीचाच निकाल घेऊन या."
माझं बोलणं समजेल असा हा एकच माणूस होता.
सोमवारी समिती. रजेच्या अर्जावर सही केली. जाणार हे नक्की. तिथे उभं राहून कोणता निकाल वाचायचा ते ठरत नाही. दोन्ही निकाल पिशवीत घातलेत.