सुपभर कोंडा

२ डिसेंबर १९८४, गोंडपिपरी

आज पुन्हा म्हणाला! पाहुणे वामनराव जेवायला होते. रंभानं दुसऱ्यांदा भाजी मागितली, एवढंच. देवराव हसत म्हणाला, "पाहा, उकंड्यावरून उचलून आणलेली पोट्टी, मागते कशी घरच्यासारखी!" वामनराव खो-खो हसले. सून सीता खाली मान घालून वाढत राहिली. पोर सात वर्षांची. घास तोंडातच. गिळेना, थुंकेना.

माझा मुलगा. माझ्या पोटचा!

५ डिसेंबर

रंभा आता पाणी प्यायलाही विचारते. "आजी, घेऊ?" स्वतःच्या घरात.

९ डिसेंबर

किती आनंदाची सकाळ होती ती! सीताची आधीची दोन बाळं गेलेली. रंभा जन्मली तेव्हा बायका म्हणाल्या, टाकून दिल्यासारखं करा, म्हणजे मरण हिच्याकडे पाहणार नाही. परसातल्या उकंड्यावर, शेणकेरावर, माझं मऊ लुगडं अंथरून मीच निजवलं तिला. शेजारच्या रुखमानं उचललं. सुपभर कोंडा देऊन आम्ही तिच्याकडून पोर विकत घेतली. जगावी म्हणून! देवराव रडला होता त्या दिवशी. आणि आता तीच गोष्ट पोरीच्या तोंडावर फेकतो. रंभा म्हणत नाही, उकंडी म्हणतो.

नागपूरच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेस फार आठवतात. लहानपणी आई गेली, मला तिथं ठेवलं, तेव्हा मी बोलेनाशी झाले होते. त्या रोज वेणी घालताना हळूच माझं नाव घ्यायच्या. उत्तर मागायच्या नाहीत. एक दिवस मी "ओ" दिली.

मीही रंभाची वेणी घालताना तसंच करते. ती गप्प.

१४ डिसेंबर

देवरावला अंगणात गाठलं. नको बोलू रे तिला तसं, म्हटलं.

"बोट तरी लावलं काय मी तिले? गंमत हाय, आई. तू कॉन्व्हेंटवाली, तुले सगळंच लागते."

"तिला खरं वाटतं."

"वाटू दे. धाकात राह्यते."

दुपारी तिच्या हातून पेला फुटला. झालं! घरात हुकूम — उकंडीशी आज कोणी बोलायचं नाही. सीता बोलली नाही. मी बोलायला गेले तर रंभानंच माझ्या तोंडावर हात ठेवला. "आजी, बाबा आयकतीन."

देवा, मी काय करू? मारलं असतं तर वळ तरी दाखवता आले असते कोणाला!

१७ डिसेंबर

आज दिवसभर ती एक शब्द बोलली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

२० डिसेंबर

शाळेतून आली नाही. विहिरीतही वाकून पाहिलं. सापडली परसात. उकंड्यावर. दिवाळीचा फ्रॉक घालून, केस विंचरून बसलेली. मांडीवर डबा. डब्यात कोंडा, धानगिरणीतून मुठीमुठीनं जमवलेला.

"इथं का बसलीस गं?"

"रुखमामावशी न्यायले येईन ना. बाबा म्हणते, वापस देतो."

"आणि हा कोंडा?"

"तिले देतो. नाई तं फुकटात मले कोण नेईन?"

२१ डिसेंबर

रुखमाला कळलं. रडत, भांडत दारात आली. "देवरावभाऊ, तुमचं लेकरू जगाव म्हणून म्या उचललं व्हतं! आता काऊन जित्तेपणी मारून राह्यले तिले?"

देवराव हसला. "तुले पायजे तं ने."

आणि रंभा उठली. डबा घेऊन निघालीच!

"थांब," मी म्हटलं. आत जाऊन कोंड्यानं सूप काठोकाठ भरलं, माझ्या हातानं, आणि देवरावच्या पायाशी ठेवलं. "घे. रुखमा साक्षीदार. मी घेतली विकत. आता ही माझी."

तो हसायला गेला. हसू आलं नाही. सीतानं पोरीच्या कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

२६ डिसेंबर, चांदा. बहीण नीलाच्या घरी

रंभानं आज न विचारता माठातलं पाणी घेतलं. पेला निसटला, फुटला. भिंतीला चिकटून माझ्याकडे पाहत राहिली.

मी हळूच नाव घेतलं. "रंभा."

"ओ," म्हणाली.