पाय आता दुखत नाही

३ जून

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला मुलाखतीला बोलावल्याचं कळलं आणि मी मशीनवरून उठून काजं-बटणं करणाऱ्या बाईला मिठीच मारली. ती बिचारी हातातली सुई सांभाळत ओरडली. मग विचारते कशी, नुसत्या पायांना वेगळा डॉक्टर कशाला लागतो? मी म्हटलं, त्याला पोडियाट्री म्हणतात, आमची ठमी फिजिओथेरपी करून इतकी वर्षं इस्पितळात राबली, आता त्याची वरची पदवी घेणार. जागा इतक्या थोड्या की मिळाली तर देव पावला म्हणायचं. गेल्या खेपेला तुझं नाव प्रतीक्षा यादीत लटकून राहिलं आणि तू जेवण टाकलंस, ते मात्र तिला सांगितलं नाही. यंदाच्या पुढे तुला वयाच्या अटीत बसता येणार नाही, हे माझ्या ध्यानात आहे. म्हणून सांगते, इकडची कसलीही काळजी डोक्यात घेऊ नकोस. यायचंही नाही. अभ्यास कर.

फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, म्हणून हे पत्र. पत्र तरी तू पुरतं वाचतेस.

शाळांचे गणवेश शिवायचे दिवस आहेत. गिऱ्हाइकं डोक्यावर बसली आहेत. तू पाठवलेले मऊ तळव्याचे बूट मिळाले. काय देखणे आहेत गं! खोक्यासकट कपाटात ठेवलेत, बाहेर जाताना घालीन. दुकानात कसे घालू? आपल्याकडे कापड जमिनीवर अंथरून कापतात, आणि लोकांच्या कोऱ्या कापडाजवळ पायात काही घालून जायचं नाही, हा आईच्या वेळेपासूनचा शिरस्ता. तुझे भाऊजीसुद्धा चपला उंबऱ्याबाहेर काढतात, मग मी कोण लागून गेले?

आणि एक आनंदाची गोष्ट. वर्षभर माझ्या तळपायांची जी आग आग व्हायची, ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसायला लागायचं, ती थांबली. अगदी बंद. साखर थोडी वरखाली असते, पण पाय आता दुखत नाही. तू शिकवलेल्या व्यायामांचा गुण. पदवीच्या आधीच तुझ्या हाताला यश आलं बघ.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस. जेवत जा.
तुझी ताई


११ जून

ती. ताईस शि. सा. न.

पत्र मिळालं. तुझ्या पायांची आग थांबली हे वाचून जीव भांड्यात पडला. गेल्या सुट्टीत तुला पाय चोळत बसलेली बघून मला फार वाईट वाटायचं. व्यायाम सोडू नकोस. बुटांचं मात्र काय सांगू तुला! कपाटाचे पाय दुखत होते म्हणून पाठवले नव्हते मी.

इथे माझी अवस्था विचारू नकोस. दिवसभर इस्पितळात लोकांचे गुडघे वाकवायचे आणि खोलीवर आल्यावर पुस्तकात डोकं घालायचं. डोळे मिटले की पायाची हाडं दिसतात. वसतिगृहातल्या दोघी मैत्रिणी माझी रोज उलटतपासणी घेतात. मुलाखतीला तीन प्राध्यापक असतात म्हणे, आणि ते थेट रोगी कसा आहे ते सांगून विचारतात, आता काय कराल. मला सगळं येतं गं, पण समोर कुणी बसलं की तोंडचं पाणी पळतं. यंदाही नाही झालं तर काय, हा विचार मी करतच नाही असं सगळ्यांना सांगते. तुला म्हणून खरं सांगते, दुसरा विचारच येत नाही.

मला हे का हवंय, हे ते विचारणारच. मी काय सांगू? इस्पितळात पाय कापून आलेली माणसं माझ्याकडे चालायला शिकायला येतात. त्यांच्याकडे आधी कुणी बघितलं असतं तर ती माझ्याकडे आलीच नसती. हे त्यांना सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल का? तू कळव.

मुलाखत होईपर्यंत पत्रं लहान येतील, रागावू नकोस. आशीर्वाद मोठे पाठव.
तुझी ठमी


२० जून

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लिहिलंस तेच सांग त्यांना. मला तर वाचताना गलबलून आलं. ते तीन प्राध्यापक काही दगडाचे नसतील.

आता तुला हसवते. परवा शर्टांचं पांढरंशुभ्र कापड अंथरून मी त्याच्या भोवती फिरत खडूने आखत होते. बघते तर कापडाच्या कडेला लाल ठिपके! मी काजंवालीवर अशी काही उखडले, की तुझ्या लाल रिळाचा रंग गेला, आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू. ती रडकुंडीला आली. मग तिनेच खाली बोट दाखवलं. माझ्या डाव्या अंगठ्याखाली टाचणी रुतलेली, पार मुंडक्यापर्यंत, आणि मी तशीच सगळीकडे मिरवून आले होते! उपटून काढली तरी हूं की चूं नाही. आता बोल! माझं कातडं गेंड्याचं झालंय. तू पायांची डॉक्टर होणार म्हणून माझे पाय आत्तापासून घाबरून गप्प बसले आहेत.

डाग गार पाण्याने लगेच निघाले, काजंवालीची समजूत काढली. तिला म्हटलं, आमच्या ठमीला हे कळलं तर पोट धरून हसेल. मलम लावून पट्टी मारली आहे. पाय किंचित सुजलाय, पण दिवसभर बसून काम म्हटल्यावर सुजणारच. तुझे भाऊजी दवाखान्यात चल म्हणून मागे लागले होते. मी म्हटलं, दुखतच नाही तर डॉक्टरला दाखवायचं काय?

मुलाखतीला निळी साडी नेस, इस्त्री करून. लोभ आहे, त्यात खंड नको.
तुझी ताई


२५ जून

ती. ताईस शि. सा. न.

घाईत चार ओळी. तुझं टाचणीप्रकरण वाचून इतकी हसले की मैत्रिणींनी पत्र ओढून घेतलं. मग मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गेंड्याच्या कातड्यापाशी तर आम्ही तिघी लोळायच्या बाकी होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोकं हलकं झालं. अशीच पत्रं लिहीत जा.

मुलाखत तीस तारखेला. आठवण ठेव.
तुझी ठमी


३० जून

ती. ताईस शि. सा. न.

फोनवर मी तुझ्यावर ओरडले. तू घाबरून भाऊजींच्या हातात फोन दिलास. आता तुम्ही इस्पितळात पोचला असाल. बाहेर पडताना उंबऱ्यात बूट घालायला थांबलीस की नाही, तेवढंच मी बसल्या बसल्या धरून बसले आहे. सकाळच्या गाडीने मी निघते. तोवर हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहिते. हे पत्र टाकणार नाही, हातातच देईन.

आधीचे प्रश्न बरे गेले. मग मधल्या प्राध्यापकबाईंनी विचारलं, एक मधुमेहाचा रोगी आनंदाने सांगतो की वर्षभर तळपाय जळत होते, आता दुखणं आपोआप थांबलं. तुम्ही काय म्हणाल? मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, आनंदाची गोष्ट नाही, ही धोक्याची आहे. साखरेने पायाच्या नसा मेल्या की आग होणं थांबतं. दुखणं बरं होत नाही, पायाला कळायचं बंद होतं. असा माणूस खिळ्यावर चालेल आणि त्याला पत्ता लागणार नाही. त्याचे मोजे काढून तिथल्या तिथे पाय बघायचा, जखम असेल तर त्याच दिवशी इस्पितळात पाठवायचं.

बोलता बोलता मला ती टाचणी दिसली, ताई. तुझा पाय दिसला, पांढऱ्या कापडाभोवती फिरणारा. तरी माझं तोंड बोलतच राहिलं. बाई खूश झाल्या. असा रोगी कधी जवळून पाहिला आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि तिथूनच तुला फोन लावला. तुझी दोन्ही पत्रं मी बहीण म्हणून वाचली. हेच एखाद्या परक्या बाईने मला लिहिलं असतं तर पहिल्याच पत्राला धावत गेले असते. आणि मी काय केलं? त्या दोघींना हसत हसत वाचून दाखवलं. तिघी शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट, आणि एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

संध्याकाळी यादी लागली. माझी निवड झाली आहे. मी ही जागा घेणार नाही. कुठल्या तोंडाने घेऊ?
तुझी ठमी


९ जुलै

चि. ठमीस अ. उ. आ.

तू ड्युटीवर परत गेलीस त्यानंतरची खबर कळवतो. तुझी ताई लिहायला तयार नाही, म्हणून हे काम माझ्याकडे. मी किल्ल्या बनवणारा माणूस, माझं अक्षर तू सांभाळून घे.

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं, ते तुझ्यासमोरच. आता ताप उतरला आहे. जखमेची लाली वर चढत होती ती थांबली, पाय वाचला असं मोठे डॉक्टर म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्यापर्यंतची भाषा करावी लागली असती, असंही म्हणाले. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली ठमे, पण त्या दिवशी तुझा फोन येईपर्यंत मला हिने पट्टीवर चढवलेला मोजा काढता आला नाही. पट्टीला वास यायला लागला होता. मी म्हटलं तर म्हणाली, मलमाचा आहे.

तू गेल्यावर मी, तू पिशवीत ठेवून गेलेलं तुझं पत्र तिला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बोटं गेली तेव्हा रडली नव्हती. त्या दिवशी रडली. मला वाटलं, तू जागा सोडतेस म्हणून. विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं.

प्रवेश घ्यायची मुदत अजून आहे ना? तेवढं कळव. मध्ये पडतो म्हणून राग मानू नकोस.
तुझे भाऊजी


१६ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

आज बसता येतंय, तेव्हा लिहिते. गोड लिहिणार नाही.

मला तुझा राग आला आहे. तू ओळखलं नाहीस याचा नाही. मलाही कुठे कळलं? माझाच पाय, मला कळला नाही, तर तुला चार ओळींवरून काय कळणार? राग याचा, की तू आम्हा दोघींमधलं पत्र परक्या पोरींना वाचून दाखवलंस आणि हसलीस. मी तुला हसवायलाच लिहिलं होतं हे खरं. तरी माझ्या मनाला लागलं. हा राग जाईल, पण त्याला वेळ लागेल. गेला की मी आपण होऊन सांगीन. तोवर तू सारखं माफ कर, माफ कर लिहू नकोस. वाचून जीव जातो.

आणि जागा सोडण्याचं बोलशील तर याद राख. माझी दोन बोटं गेली, त्यात तुझी पदवी घालून मला काय मिळणार आहे? तुला बरं वाटेल एवढंच. तुझ्या मनाच्या समाधानासाठी मी आणखी एक ओझं घेणार नाही. स्पष्ट लिहिते, कारण तुला आडून सांगितलेलं समजत नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते. माझा उजवा पाय अजून सगळा आहे. काल नर्सने मला डोळे मिटायला सांगितलं. म्हणाली, मी बारीक तार पायाला टेकवीन, कळलं की हो म्हणा. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. परीक्षेत मुलगी उत्तरं देते तशी, पटापट. डोळे उघडले तर तुझे भाऊजी पांढरेफटक. ती अजून तार पिशवीतून काढतच होती, ठमे. तिने मला हातही लावला नव्हता.

मी खोटं बोलत नव्हते गं. मला खरंच वाटलं की कळतंय. किंवा वाटावं असं वाटलं, कोण जाणे. आता मला माझ्याच बोलण्याची भीती वाटते. तुझे भाऊजी माझं ऐकतात, काजंवाली ऐकते, डॉक्टरसुद्धा घाईत असले की ऐकतात. मी बरी आहे म्हटलं की सगळे सुटतात. तेव्हा एक माणूस असं हवं, जे माझं ऐकणार नाही. ते तू शीक.

तुझी ताई


२१ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

प्रवेश घेतला. वर्ग पुढल्या महिन्यात सुरू होतील.

प्राध्यापकबाईंना जाऊन भेटले. मुलाखतीत मी खोटं उत्तर दिलं होतं, असा रोगी मी जवळून पाहिला आहे, ती माझी बहीण आहे, तिची दोन बोटं गेली, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या पायाचं काय?

तुला घरी सोडल्याचं भाऊजींनी कळवलं. शनिवारी येते आहे. राग असेल तसा असू दे, मी त्याबद्दल बोलणार नाही. तू कशी आहेस हे या पत्रात विचारत नाही, आणि तूही कळवू नकोस. दार उघडायला भाऊजींना पाठव. तू खिडकीपाशी उजेडात बस, मोजे काढून.

तुझी ठमी