सोळा दिवसांचा खाडा

बाबा, मी लग्न केलं. एकोणचाळिसाव्या वर्षी, इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये, कोर्टात सही करून आणि मग मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये चाळीस माणसांना पुरणपोळ्या वाढून. नवरा नागपूरचा, आयटीतला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तुम्ही असतात तर आधी त्याच्या नोकरीतले खाडे मोजले असतेत. आपल्या स्वयंपाकघरात तीन घड्याळं होती, तिन्ही कंपनीने वर्षभर एकही खाडा नाही म्हणून दिलेली, आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ. तुम्ही मात्र एकाकडेही न बघता सकाळी बरोबर सहा दहाला चपला घालायचात. सातवीत मी मावसबहिणीच्या हळदीसाठी शाळा बुडवली, तेव्हा हातातला घास ताटात ठेवून तुम्ही म्हणालात, "हळद तिची, खाडा तुझा." त्यानंतर मी शाळा बुडवली नाही. नोकरीतही नाही. एकदा बर्फात माझी गाडी रुतली, तर शेजाऱ्याच्या ट्रकमधून प्लांट गाठला होता. ही माझी फुशारकी आहे आणि ती मी सोडणार नाही.

हनिमूनला आम्ही ओसाकाला गेलो. त्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला होता, आणि नवा शिक्का हवा तर देशाबाहेरच्या वकिलातीत जावं लागतं. म्हटलं, दहा दिवस हिंडू, त्यातच स्टॅम्पिंगही उरकू. किल्ला, मत्स्यालय आणि मंगळवारी साडेनऊला व्हिसाची मुलाखत, अशी हनिमूनची यादी करणारं जोडपं आपल्या लोकांतच सापडेल. खिडकीतल्या बाईंनी लग्नाबद्दल अभिनंदन केलं, पासपोर्ट ठेवून घेतला आणि हातात एक कागद दिला. आणखी तपासणी आहे, कळवू. किती दिवसांनी, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.

माझं ग्रीन कार्ड आहे, मी ठरल्या दिवशी परतू शकत होते. परतायलाच हवं होतं, कारण त्याच आठवड्यात मी काम केलेल्या कारच्या सीटचं लाँच होतं, प्लांटमध्ये उत्पादन सुरू होणार होतं, दोन वर्षांचं काम. नवरा म्हणाला, "तू जा यार. मी इथे मॅनेज करतो."

"आणि महिनाभर नाही आला पासपोर्ट तर?"

"तर नाही आला. तू काहून टेन्शन घेऊन राहिलीस? लाँच मिस नको करू."

तो मनापासून म्हणत होता, हेच अवघड होतं. भांडला असता तर मी बॅग भरून सरळ निघाले असते. लग्नाला तीन आठवडे झालेले, आणि परक्या शहरात त्याला एकट्याला ठेवून जायचं की नोकरीतला माझा पहिला खाडा करायचा, एवढाच प्रश्न होता. मला तो सुटत नव्हता.

नवव्या दिवशी आम्ही शहराच्या पूर्वेला एका भलत्याच स्टेशनवर उतरलो. पर्यटक तिकडे का जातील? गल्लीत दोन्ही बाजूंना छोटे छोटे वर्कशॉप, शटर अर्धं वर, आत लेथ चाललेली. आणि एकदम तो वास आला, कटिंग ऑइलचा. तुमच्या शर्टाचा वास, बाबा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. मी रस्त्यातच थांबले. आतल्या म्हाताऱ्या कारागिराने मान वर करून बघितलं, किंचित वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागला. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बाबा." त्याने फोन काढला नाही, चल म्हणाला नाही. मी तिथे उभी राहून पोटभर रडले, आणि माझं होईपर्यंत तो बाजूला उभा राहिला. त्याच दुपारी मी मॅनेजरला कळवलं की मी येत नाही, रजा धरा. उत्तर दोन ओळींचं आलं, काळजी घे, आम्ही बघतो. लाँच माझ्याशिवाय झालं, आणि व्यवस्थित झालं. हे मात्र मला जरा लागलं.

दहाचे सव्वीस दिवस झाले. पाहण्यासारखं सगळं संपल्यावर आम्ही न पाहण्यासारखं पाहिलं, आणि तेच आवडलं. रोज एक नवं स्टेशन, मग पायी. छपराखालचे लांबच लांब बाजार, नदीकाठी अकॉर्डियनवर सराव करणारे निवृत्त काका, सकाळी जाडजूड टोस्ट आणि उकडलेलं अंडं देणारी एक मावशी, जिने पाचव्या दिवसापासून आम्हाला काय हवं ते विचारणंच सोडलं. लाँड्रीत कपडे फिरत असताना मला कळलं की हा माणूस मोजे उलटेच धुतो आणि उलटेच घालतो. आमचं पहिलं भांडण तिथेच झालं, यथासांग. पंचविसाव्या दिवशी पासपोर्ट आला, आणि आम्हाला दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून आता सांगते. माझी कॉलेजची परीक्षा चालू होती, तुम्ही दवाखान्यात होतात, आणि त्या शेवटच्या सकाळी म्हणालात, "पेपर आहे ना आज? मग इथे काय करतेस?" मी गेले, आणि तुम्ही अकराला गेलात. पेपर चांगला गेला असं मी आईला सांगितलं, आणि तिने ते सगळ्या नातेवाइकांना अभिमानाने सांगितलं. बाबा, मी हजेरीच्या कागदावर सही केली आणि तीन तास कोरा पेपर समोर ठेवून बसले. तो विषय मी गुपचूप दुसऱ्यांदा दिला. मला तुमच्यापाशी बसायचं होतं.