अब्जाच्या पलीकडचं नाव

आदरणीय बबिताअक्का,

लातूरला तू आणि भाऊजी ठणठणीत असाल असं धरून धाकट्या भावाचा, बुद्धभूषणचा, सविनय जयभीम. इकडं बाळ-बाळंतीण खुशाल. फोन न करता पत्र लिहायलोय, कारण फोनवर तू मधीच 'मुद्द्याचं बोल' म्हणतीस, आणि मुद्दा लय लांब आहे.

बालाजीदादाला इतक्या वर्षांनी लेक झाली, रविवारी नामकरण, आणि आत्याचा मान तुझा. "मोठ्या अर्थाचं नाव हुडक, पण कुणापाशी बोलू नको, लेकराच्या कानात पहिल्यांदा मीच सांगणार," असं तू बजावलंस. म्हणून मी नाव हुडकायला पूर्णेला गेलो. (पूर्णेला नावं मिळतात असं कुणी सांगितलं नव्हतं. पण रेल्वे दिसली की मला बरं वाटतं, हे तुला ठाऊक आहे.) तिथं फलाटावर काशीनाथ गुरुजी भेटले, आता निवृत्त आहेत. मला गणितात त्यांनीच नापास केलं होतं, पण माया तीच. त्यांना म्हणलं, गुरुजी, सगळ्यात मोठं काय असतं? गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मोजायचं म्हणतूस का मिरवायचं?"

मग गाडी येईपर्यंत त्यांनी मोजणं सांगितलं. कोटी म्हणजे टोक, धनुष्याचं असतं तसं. जुन्या लोकांना वाटलं असंल, इथं मोजणं सरलं. पण टोकाच्या पुढं अब्ज, म्हणजे पाण्यात जन्मलेलं कमळ. त्याच्या पुढं खर्व, आणि अक्का, खर्व म्हणजे बुटका! दहा अब्ज एवढा मोठा आकडा बुटका कसा, असं मी विचारलं तर गुरुजी म्हणाले, "आरं, दांडग्या माणसाला आपण बारक्या म्हणत न्हाई का?" पुढं निखर्व, मग महापद्म म्हणजे थोरलं कमळ, शंकू म्हणजे खुंटी, जलधी म्हणजे समुद्र. समुद्रानंतर अंत्य, म्हणजे शेवट. मी उठायला लागलो, तर गुरुजींनी सदरा धरून बसवलं. शेवटानंतर मध्य येतो म्हणे! शेवट झाल्यावर मधोमध! आणि मध्याच्या पुढं परार्ध, पलीकडचं अर्धं.

गाडी आली, गुरुजी गेले, माझी गाडीही कधी गेली कळलं न्हाई. मी आपला समुद्राच्या पलीकडं बसून राहिलो. वाटलं, कुणीतरी मोजत मोजत कमळांतून निघालं असंल, खुंटीला पटका अडकवून समुद्रात उतरलं असंल, शेवटाला पोचलं असंल, आणि वर बघतंय तर अजून अर्धं आभाळ कोरंच. आपल्या घरात इतक्या वर्षांनी लेकरू आलं, तेही तसंच न्हाई का? सगळ्यांनी शेवट म्हणलं होतं, त्याच्या पुढून आलं.

म्हणून माझ्या मतानं नाव परार्धा. दहा कोटीला अर्बुद म्हणतात, पण अर्बुदा म्हणू नको, त्याचा एक अर्थ दवाखान्यातली गाठ आहे. खर्वा तर न्हाईच.

तुझा,
बुद्धभूषण

ता. क. – पाथरीला पाळण्याची झालर आणायला गेलो होतो. शेजारीच बॅनरचं दुकान. तिथली पिंकी म्हणाली, नामकरणाचा बॅनर करून देते, नाव काय? मी नाव सांगितलं न्हाई, फक्त अर्थ समजावून सांगितला. अर्थ सांगताना नाव आपोआप तोंडातून आलं, आणि तिनं टाइप केलं. बॅनर कालपासून देवगाव फाट्यावर आहे. जीपवाले दादाला विचारायलेत, "काय बालाजी, परार्धा झोपू देती का न्हाई?" दादाला वाटतंय नाव तूच ठरवलंस. बॅनरखाली उभा राहून त्यानं डोळे पुसले, म्हणून माझ्यानं खरं बोलवलं न्हाई.

ता. क. दुसरा – बॅनरवर तुझा फोटो दादाच्या फोटोपेक्षा मोठा टाकलाय, हे आधी सांगायला पाहिजे होतं.

ता. क. तिसरा – तुझ्या मनात दुसरं नाव असंल तर कानात तेच सांग. कानातलं नाव खरं, बॅनर मी शनिवारीच उतरवतो. आणि हेच सांगणार असशील, तर सांगताना आत्ताच सुचल्यासारखं तोंड कर. कुर्र केल्यावर बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. ह्या खेपेला तुझ्या पाठीमागं मी वाकून उभा राहतो. सगळे मला पडू दे, पहिला तूच घाल.