कुठेही न जोडलेल्यांत तिसरा

तीर्थरूप दादास,

धाकट्या भावाचा नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली वाकता येत नाही, तेव्हा लेखीच घे). तुझी साखर आटोक्यात असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि तुझा वंशावळीचा नवा प्रोग्रॅम सुरळीत चालत असेल, अशी आशा करतो. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मनापासून.

अकरा वर्षं मी माझ्या जुन्या प्रोग्रॅमात आपल्या घराण्यातली चारशे बारा माणसं एकेक करून भरली. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस मी. कुणाची वेलांटी चुकली तरी मला घास गिळवत नाही. तू पाणीपुरवठ्यातून निवृत्त होऊन बऱ्याच वर्षांनी नवा प्रोग्रॅम घेतलास आणि फोनवर म्हणालास, "पाठवून दे रे तुझी फाईल, पाच मिनिटांचं काम." मी ती सगळ्या प्रोग्रॅमना समजतो म्हणतात अशा साच्यात बसवून पाठवली. (सगळ्यांना समजतं असं ज्याला म्हणतात ते कुणालाच समजत नाही, हे मला सरकारी पत्रकं तपासतानाच कळायला हवं होतं.) पहिल्या खेपेला आजोबांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. त्यांच्याबद्दल घरात जे बोललं जातं ते पाहता तसंच ठेवायला हरकत नव्हती, पण तू हट्ट धरलास. दुसऱ्या खेपेला नावं आली, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. थोरल्या काकांचं बारा जानेवारीचं लग्न एक डिसेंबरला गेलं, आणि त्यांची मुलगी त्याच वर्षीच्या वीस नोव्हेंबरची (विसावा महिना नसतो, म्हणून तेवढी तारीख वाचली). शहाऐंशीव्या वर्षी काकांना नातसुनांसमोर खुलासे करत बसावं लागलं. तिसऱ्या खेपेला टिपा शेपटाकडून तुटल्या. 'धाकट्या मामांनी जन्मात कुणाचं वाईट केलं नाही' असं मी लिहिलं होतं. त्यातलं 'नाही' तुझ्याकडे पोचलंच नाही. मामी माझा फोन उचलत नाहीत. तुझा उचलतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. मग परवाच्या रविवारी तू वंशावळीचा छापलेला तक्ता पाहायला बोलावलंस. बैठकीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत, भिंत भरून. मी चष्मा पुसून तुझं नाव शोधलं. त्याच्या शेजारी आपली धाकटी बहीण. तुम्हा दोघांच्या मधे मी असायला हवा होतो, तिथे स्वच्छ पांढरी जागा. म्हटलं, असेल बाबा, चार वर्षांचा असताना मला आत्याकडे दिलं, तिनंच वाढवलं, तिलाच मी आई म्हटलं, तेव्हा तिच्या खाली असेन. तिच्या खाली 'मूलबाळ नाही'. वहिनी चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "खाली कोपऱ्यात एक यादी आहे बघा, कुठेच न जोडलेल्यांची." त्या यादीत पहिले काकांच्या लग्नाला साक्षीदार राहिलेले शेजारी, दुसरा काकांचा कुत्रा (ती नोंद माझीच, पण त्याच्यापुढे निदान 'काकांचा' असं लिहिलेलं होतं), आणि तिसरा मी. तू पाठीवर हात ठेवून म्हणालास, "अरे, प्रोग्रॅमचा घोळ. फाईल इकडून तिकडे गेली की होतं असं." मी मान डोलावली. चहासुद्धा पुरा प्यायलो.

सोमवारी आमच्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे तुझाच प्रोग्रॅम होता. माझी फाईल त्यानं माझ्यासमोर उघडली. चारशे माणसं सरसर गेली, आणि माझ्या नावाशी आल्यावर गाडी थांबली. पडद्यावर प्रश्न आला: या व्यक्तीला आईवडिलांच्या दोन जोड्या आहेत, कोणती ठेवायची? खाली चार बटणं. दोन्ही. जन्म देणारे. सांभाळणारे. आणि अगदी तळाशी, ठरत नसल्यास बाजूला काढा. मी विचारलं, "कधी कधी हे आपोआपही होत असेल ना?" तो बिचारा समजावून सांगू लागला, "नाही हो काका. कुणीतरी बटण दाबेपर्यंत तो पुढे जातच नाही. दिवसभर थांबून राहील."

प्रोग्रॅम थांबला असता, दादा. तुला घाई कसली होती?

मी त्याचे आभार मानले आणि घरी आलो. रागावलेलो नाही. अकरा वर्षं सगळ्यांना एकमेकांना जोडत बसलो, हे मात्र आता कुणाला सांगत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ
(तक्त्याप्रमाणे, कुणीच नाही)

ता. क. फाईल पुन्हा पाठवतो आहे. प्रश्न आला की पहिलं बटण दाब. आग्रह नाही. काच काढून तक्ता बदलणं कटकटीचं असेल तर राहू दे.

आणखी एक. एवढं सगळं लिहिलं, पण खरं विचारायचं होतं ते निराळंच. मला आत्याकडे पाठवलं त्या दिवशी तू अकरा वर्षांचा होतास, तुला आठवत असेल. मी रडलो होतो का? आणि आई दारापर्यंत आली होती का? हे विचारायला, त्या दिवशी तिथे असलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.