नाक सोडून बाकी सगळी स्किल्स

३ ऑक्टोबर, सकाळी ७
यशस्वी क्वालिटी इंजिनिअरला लागणाऱ्या स्किल्सचा ऑनलाइन कोर्स लावला. एकूण बारा स्किल्स. नऊ माझ्यात आधीपासूनच आहेत. पंधरा तारखेला ऑडिट. पास झालो की आमच्या मासळीच्या फॅक्टरीचा क्वालिटी हेड मीच, असं मॅनेजर सलिलसर स्वतः म्हणालेत. मग कंपनीचा फ्लॅट. मग मनस्विनी पुण्याहून परत. बायकोला भाड्याच्या खोल्या आवडत नव्हत्या, एवढंच कारण. (मी तिच्या चपात्यांचा व्यास मोजला, तो मुद्दा वेगळा.)

५ ऑक्टोबर
सर्दी जाऊन तीन आठवडे झाले. वास अजून येत नाही. येईल. आज बांगडा नाकाशी धरला, काही नाही. ताज्या मासळीला वास नसतोच, म्हणून ‘उत्तम’ लिहायला घेतलं. निवडीच्या टेबलावरची चिमा म्हणाली, सायेब, ह्यो शिळा हाय. म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो.

८ ऑक्टोबर
स्किल चार: टीमवर्क. हल्ली प्रत्येक ट्रे आधी चिमापुढे धरतो आणि गंभीरपणे तिचं मत विचारतो. ती सांगते, मी सही करतो. याला नेतृत्व म्हणतात. दुपारी डबा घेऊन बायकांच्यात बसलो. सगळ्या एकदम गप्प झाल्या. आदर.

११ ऑक्टोबर
मनस्विनीला फोन. दोन मिनिटं चौदा सेकंद. मागच्यापेक्षा अकरा सेकंदांची सुधारणा. नाकाचं सांगितलं नाही, काळजी करेल. करेल बहुतेक. पंधराला ये म्हटलं. बघते म्हणाली. म्हणजे होच.

१४ ऑक्टोबर
तिच्यासाठी सुरमई आणली. फ्रिजमध्ये ठेवली. नाकाला वाफ घेतली. तयारी पूर्ण.

१५ ऑक्टोबर, दुपारी
ऑडिटरने तीन ट्रे मांडले. वास घेऊन ताज्यापासून शिळ्यापर्यंत क्रम लावायचा, तोही एकट्याने. चिमाला बाहेर थांबवलं. या माणसाला टीमवर्क शिकवलेलंच नाही. मी पूर्ण आत्मविश्वासाने (स्किल सात) क्रम लावला. बरोबर उलटा निघाला. मधला ट्रे जागेवर होता, हे कोणी लक्षातच घेतलं नाही.

संध्याकाळी
मनस्विनीचा मेसेज. जमणार नाही. खानावळीत जेवून आलो.

१७ ऑक्टोबर
सलिलसर म्हणाले, तुमचे डोळे चांगले आहेत, खोक्यांवरची लेबलं तपासा. वासाची तपासणी आता चिमाकडे. तिला पांढरा कोट दिला. माझाच, बाह्या दुमडून घालते. एका अर्थी लेबल हीच खरी क्वालिटी. घरी फ्रिजखाली पाणी दिसलं. गळती, किरकोळ.

१९ ऑक्टोबर, सकाळी
शेजारच्या यमुनाबाई दारात. नाकाला पदर. म्हणाल्या, अरे, काय मेलंय काय घरात? तीन दिवस वास मारतोय, मला वाटलं तू कुलूप लावून गावाला गेलास.
सुरमई. कोर्ससाठी लॅपटॉप चार्जिंगला लावताना फ्रिजचा प्लग मीच काढला होता. यमुनाबाईंनीच ती कागदात गुंडाळून बाहेर नेली, फरशी फिनेलने पुसली. जाताना विचारलं, इतक्या दिवसांत कोणीच आलं नाही का रे तुझ्याकडे? मी म्हटलं, ऑडिटची गडबड होती.
त्या गेल्यापासून सगळ्या खिडक्या उघडून बसलोय. वास गेला की नाही, हे विचारायला घरात कोणी नाही.